सायडर निवळेपर्यंत

माझी ताई धुलाई कारखान्यात होती. इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या. ओली चादर दोघींनी कोपरे धरून ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सरकवायची, हे तिचं काम. चादर तिरकी गेली की चुणी पडते आणि चुणी पडलेली चादर पुन्हा भिजवावी लागते, म्हणजे एकाच चादरीचं काम दोनदा. ताईच्या हातून ते क्वचित व्हायचं. तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे पट्टे होते. कुणी विचारलं तर म्हणायची, घाई केली की रोलर सही करतो.

तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, मालवाहू बोटीवर ऑइलमन होते. इंजिनरूममध्ये तेल घालायचं, गाळायचं, पुसायचं. वर्षाचे बहुतेक महिने समुद्रावर. रजा मिळायची ती बरोबर सफरचंदं उतरायच्या सुमाराला, आणि थंडी धरायच्या आत संपायची. गल्लीतले लोक त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. तोंडावरही म्हणत. काय पाहुणे, यंदा मुक्काम किती? भाऊजी हसायचे. ताईला मात्र ते लागायचं. एकदा शेजारणीला तिने सुनावलं, की पाहुणे तुमच्याकडे येत असतील, माझ्याकडे नवरा येतो. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल ताई बोलत नसे, मीही बोलणार नाही.

त्यांच्या घरामागे सफरचंदाची दोन म्हातारी झाडं होती. फळ बारकं आणि आंबट, नुसतं खाववत नसे. रोलरच्या दुसऱ्या टोकाला ताईची जी जोडीदारीण होती, तिने तिला या फळांचा रस आंबवून सायडर, म्हणजे हलकी दारू, करायला शिकवलं. ताई शिकली आणि मग दर वर्षी करू लागली. अंगमेहनतीचा भाग माझ्याकडे आला.

मी प्लंबर. आयुष्यभर पाइप कापले, आटे पाडले, जोड बसवले. पाइप पकडायच्या जुन्या शिकंज्याच्या स्क्रूपासून मी ताईला रस काढायचा दाब करून दिला. फळं धुवायची, सडका भाग कापून टाकायचा, ठेचायची, फडक्यात बांधून दाबाखाली ठेवायची. दांडा सुरुवातीला एका हाताने फिरतो. मग दोन हात लागतात. शेवटी पाय भिंतीला टेकवून अंगाचा भार टाकावा लागतो, आणि तिथेच थांबायचं असतं. रस उतरायला वेळ द्यायचा, मग पुढचा अर्धा फेरा. त्या जागी जोर केला तर फडकं फाटतं आणि चोथा रसात जातो. दिवसभर हे केलं की खांदे दुसऱ्या दिवशी वर होत नाहीत. ताई कारखान्यातली पाळी करून यायची आणि तरीही दांड्याला दुसऱ्या बाजूने हात लावायची.

रस काचेच्या मोठ्या बुधल्यात भरायचा. तोंडाला घट्ट बूच, बुचातून रबरी नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. चार दिवसांत बुधला फसफसायला लागतो आणि बाटलीत बुडबुडे सुटतात. मग बुडबुडे मंदावतात. खरं काम त्यानंतर चालतं आणि ते दिसत नाही. थंडीत साका तळाला बसतो, वरचं पाणी पिवळंधमक आणि आरपार होतं. याला थंडीचे महिने जावे लागतात. दुसरा उपाय नाही.

भाऊजींच्या रजेला एवढा वेळ कुठला. म्हणून ते दोघं कच्चीच प्यायचे.

कच्ची सायडर प्यायला गोड असते, तोच तिचा दगा. रंग ताकासारखा, वास भिजवलेल्या पिठाचा, जिभेवर मुंग्या. पहिला पेला जातो, दुसरा त्याहून सहज जातो. पण बुधल्यात जे काम अर्धवट राहिलेलं असतं ते पोटात जाऊन पुढे चालू होतं. तासाभरात पोट फुगून टणक होतं, पट्टा सैल करावा लागतो. ढेकरांवर ढेकर येतात. पाणी गेलेल्या पाइपात पाणी परत येताना नळ कसा खाकरतो, हवा आणि पाणी आलटून पालटून, तसं आतडं खाकरतं. मग कळ येते आणि माणूस बोलता बोलता उठतो. सकाळी कपाळ ठणकतं ते वेगळंच. मी एकदा प्यायलो. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घरी नळ बसवायला गेलो आणि आधी त्यांच्या संडासाची चौकशी केली. तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

ते दोघं मात्र दर रजेला प्यायचे. रजा म्हणजे एक जण आत आणि दुसरा दाराशी. एका वर्षी ताईने मला अंगणात दुसरा संडास बांधायला सांगितला. माणसं दोन, संडास दोन. मी खड्डा खणला, पाइप टाकला, भांडं बसवलं. गल्लीत त्यावरून बरीच चेष्टा झाली. कोपऱ्यावरचा औषधवाला तर ताई मीठ-साखरेची पाकिटं मागायला आली की विचारायचा, साहेब उतरले वाटतं बोटीवरून?

रजा संपून भाऊजी निघायचे तेव्हाही पोट पुरतं जाग्यावर नसायचं. ताई त्यांच्या बॅगेत पाकिटं टाकायची. ते गेल्यावर बुधला घरात आपलं काम करत राहायचा. थंडी सरता सरता सायडर निवळायची. ताई ती नळीने अलगद बाटल्यांत काढायची. औषधवाल्याला एक, मला एक, बाकीच्या रोलरवरच्या बायकांना. स्वतः ओट्याशी उभी राहून एक घोट घ्यायची आणि पेला विसळून ठेवायची. ही सायडर काय होती हे मी सांगू शकत नाही. प्यायल्यावर माणूस गप्प बसायचा आणि पोटही गप्प असायचं.

भाऊजींसाठी बाटल्या ठेवून पाहिल्या नाहीत असं नाही. घरावर पत्रा होता. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची आणि पुढच्या रजेपर्यंत बाटलीत आंबट सिरका उरायचा. ताईने त्याने किटल्या घासल्या. बोटीवर दारू नेऊ देत नसत.

एका वर्षी बाटल्या भरताना ती मला म्हणाली, “बारक्या, ही एकदा त्यांच्याबरोबर बसून प्यायची आहे मला. निवांत. रात्री कुणी उठायचं नाही, सकाळी दोघांनी नीट चहा प्यायचा.”

तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग भाऊजींना बोटीवरून कायमचं उतरवलं. इंजिनच्या आवाजाने कान गेले होते. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, उजव्याने मोठ्याने बोललं तर. तपासणीत नापास झाले. ते आले ते नेहमीसारखे, सफरचंदं उतरायच्या वेळेला, तीच बॅग खांद्यावर. पण या खेपेला परत जायचं नव्हतं.

ताईने आनंद बोलून दाखवला नाही. दोन नवे पेले आणले, पातळ काचेचे, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवले. त्या वर्षी आम्ही झाडावर एक फळ सोडलं नाही. दाबाचा दांडा भाऊजींनी ओढला. इंजिनरूममधला माणूस, ताकद होती, पण थांबायची जागा त्यांना कळेना. दोन फडकी फाडली. ताईने तिसरं शिवून दिलं आणि दांडा माझ्याकडे दिला. बुधला भरून झाल्यावर तिने जाहीर केलं की यंदा निवळल्याशिवाय कुणी थेंबाला हात लावायचा नाही. भाऊजींनी मान हलवली.

पहिले काही आठवडे बरे गेले. भाऊजींनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्यांना घातलं, शेजाऱ्यांच्या सायकलींना घातलं. मग तेल घालण्यासारखं काही उरेना. रजा संपायची ती वेळ आली आणि गेली. त्या दिवसांत ते वारंवार दाराशी येऊन उभे राहायचे. गल्लीतल्यांना तेवढंच हवं होतं. पाहुणे, अजून निघाला नाहीत? ते हसायचे, पण मला ते हसू उसनं वाटलं. पलंगाखालची बॅग त्यांनी रिकामी केलीच नव्हती. लागेल तो सदरा तिच्यातून काढायचे, धुऊन वाळला की घडी घालून पुन्हा तिच्यात.

एका संध्याकाळी मी जेवायला होतो. ताई वाढत होती. एवढ्यात भाऊजींचं पोट खाकरलं. चांगलं लांब, वरून खाली. ताईचा हात थांबला. भाऊजी खाली मान घालून जेवत होते. त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

“प्यायलात?” ताईने त्यांच्या उजव्या कानाशी विचारलं.

“कोण? मी? नाही.”

पोटाने पुन्हा सांगितलं. मला हसू आवरेना. माणूस कितीही लपवील, पण स्वतःला ऐकू न येणारी गोष्ट लपवणार कशी? ताई उठली, बुधल्याच्या जागी जाऊन आली. रस चांगला वीतभर खाली गेला होता. ती इतकंच म्हणाली, की या कच्चीची तुम्हाला गोडी होती असं मला कधी वाटलं नव्हतं, वेळ नसायचा म्हणून पिता असं वाटायचं.

भाऊजी एरवी कमी बोलत. त्या दिवशी बोलले, आणि कान गेलेला माणूस बोलतो तसे, मोठ्याने.

“बोटीवर गेलो की दोन-तीन दिवस पोट असंच बोलायचं. बाकीचे हसायचे. मी बंकवर पडून पोटावर हात ठेवायचो. जोवर हलतंय तोवर वाटायचं आत्ताच निघालोय, अजून जवळ आहे. मग एका सकाळी सगळं शांत असायचं. तेव्हा घर सुटायचं माझं. बोटीवर चढायच्या शिडीवर, गँगवेवर, नाही सुटायचं.”

पानातला घास मोडत म्हणाले, “निवळलेली कशी असते मला काय ठाऊक? मला घर म्हणून हीच ठाऊक आहे.”

ताईने त्यांच्या पानात भात वाढला. भांडली नाही. पण पेल्यांचा विषय त्यानंतर तिने काढला नाही, आणि भाऊजींना ते भांडणापेक्षा जड गेलं. नंतर जे झालं ते त्यातून झालं.

थंडी ऐन भरात होती. सायडर वरच्या बाजूने निवळायला लागली होती, खालचा हातभर भाग अजून गढूळ होता. ताई पाळीवर होती. मी वॉशर बदलायला म्हणून दुपारी गेलो, तर बुधला जागेवर नव्हता. भाऊजींनी तो गोणपाटावर घालून एकट्याने स्वयंपाकघरात ओढला होता आणि चुलीला खेटून उभा केला होता. वर दोन घोंगड्या गुंडाळलेल्या. स्वतः शेजारी स्टुलावर बसलेले, काचेला तळहात लावून.

मी विचारलं, हे काय. ते खुशीत होते. म्हणाले, तेल असंच साफ करतात. थंड तेलात गाळ तरंगत राहतो. टाकीत तेल तापवायचं, ते पातळ होतं आणि गाळ मुकाट्याने खाली जातो. उभी हयात हेच केलं. ताईला वाटत असेल महिना-दीड महिना लागेल, मी तिला आठवड्यात देतो.

मी घोंगडी काढली. आत सगळं जिवंत झालं होतं. तळाचा साका उठून ढगासारखा वर चढत होता आणि बाटलीत बुडबुडे पहिल्या आठवड्यासारखे सुटले होते. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं की हे तेल नाही, यातला गाळ जिवंत असतो, ऊब मिळाली की कामाला लागतो. त्यांनी काचेवरचा हात काढला. आम्ही दोघांनी बुधला परत थंड जागी नेला. भरलेला बुधला दोघांनी न हिंदकळता उचलायचा म्हणजे गुडघ्यातून उठावं लागतं आणि पावलं एकदम टाकावी लागतात. भाऊजींनी ते नीट केलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ताई पाळीवरून आली, अंगावरचा कोटही न काढता बुधल्यापुढे उकिडवी बसली आणि मागे दिवा धरून पाहिलं. दिवा दिसेना.

“का केलंत?”

“तुला लवकर मिळावी म्हणून.”

तिने दिवा खाली ठेवला. मग म्हणाली, “लवकर कुणाला हवी होती? तुम्ही आता कुठे जाणार आहात?”

मी भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आपल्याला कुठेच जायचं नाही, हे त्यांना कुणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही सांगितलं नसावं.

त्या वर्षीची सायडर निवळली नाही. उन्हाळा आला आणि तिचाही सिरका झाला. ताई म्हणाली, पुढच्या वर्षी. हे शब्द त्या घरात पूर्वीही बोलले जायचे, पण निरोपाच्या वेळी. त्याच आठवड्यात तिने पलंगाखालून बॅग ओढली, कपडे कपाटात लावले आणि बॅग बटाटे ठेवायला घेतली. भाऊजींनी कपाटात आपला खण कुठला ते विचारून घेतलं.

पुढच्या वर्षी त्यांनी दांड्याला हात लावला तो मला विचारून. कुठे थांबायचं ते हाताला कळायला त्यांना सगळा दिवस लागला, पण कळलं. फडकं फाटलं नाही. बुधला ताईने जिन्याखाली ठेवला, घरातली सगळ्यांत गार जागा. भाऊजी रोज तिथे जाऊन वाकून बघायचे आणि हात मागे बांधून परत यायचे. सकाळी ताईला कारखान्याच्या दारापर्यंत सोडायला जाऊ लागले. तिला आवडायचं की नाही कळायचं नाही, पण ती त्यांच्या चालीने चालायची. गल्लीतल्यांनीही हळूहळू पाहुणे म्हणायचं सोडलं. चेष्टा शिळी झाली की लोक टाकून देतात.

थंडी सरत आली तेव्हा ताईने मला रविवारी बोलावलं. सायडर निवळली होती. मी जिन्याखाली दिवा धरला तर बुधल्यापलीकडच्या भिंतीतली वीट न् वीट दिसत होती. बुधला न हलवता, नळी साक्याच्या बोटभर वर धरून मी बाटल्या भरल्या. हात अवघडतो, पण हलवायचा नाही. भाऊजी बाटल्या धरत होते आणि श्वास रोखून होते.

ताईने पेले काढले. दुपार होती, खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं. मलाही एक साधा पेला मिळाला. ती दोघं समोरासमोर बसली. भाऊजींनी पेला उन्हात धरला, गोल फिरवला.

“गाळ नाही,” ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नसे.

ते प्यायले. ताई प्यायली. आम्ही तिघं गप्प बसलो. सायडर मला माहीत होती तशीच होती, चांगली. भाऊजींनी पेला संपवला, टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन ताठ बसून राहिले.

“कशाची वाट बघताय?” ताईने मोठ्याने विचारलं.

“काही होतंय का बघतोय.”

“आता काही व्हायचं नाही.”

त्यांनी मान हलवली. पटलं असं हलवली, पण हरवल्यासारखे दिसत होते.

ताईचा पेला अर्धा होता. ती माझ्याकडे वळून हळू म्हणाली, त्यांना ऐकू जाणार नाही अशी, “इतकी वर्षं थांबले हिच्यासाठी. आणि ही चव तोंडात आली की मला वाटतं, ते बोटीवर गेले. समोर बसलेत, तरी वाटतं. घरभर बघावंसं वाटतं.”

जोड गळत असेल तर मला आवळता येतो, एवढंच.

“काय म्हणतेय ती?” भाऊजींनी मला विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. सांगायचं तर तिनेच सांगायला हवं होतं. तिने पेला बाजूला ठेवला. मग उठली, खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला नेली आणि कानाजवळ बसली. म्हणाली, “इतकी वर्षं हे दिवस तुम्ही बोटीवर काढलेत. इथे काय काय असायचं, सांगते.”

आणि सांगायला लागली. थंडीत पत्रा पहाटे कसा तडतडतो. समोरच्या म्हाताऱ्याचा खोकला कधी सुरू होतो. पाळीवरून आल्यावर अंगात रोलरची ऊब असते ती दारापासून ओट्यापर्यंत कशी पुरते, आणि पुढे पुरत नाही. त्यांच्या बाजूच्या उशीवर ती आपली लोकर आणि सुया ठेवायची. कुठल्या वर्षी नळ गोठला आणि मी कसा शिव्या देत आलो. भाऊजी मान तिच्याकडे कलती करून ऐकत होते. मध्येच काही विचारायचे, ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

मी माझी बाटली घेतली आणि बाहेर पडलो. दार ओढून घेतलं. ती ओरडून सांगत होती, त्यांना ऐकू जावं म्हणून, आणि गल्लीच्या टोकापर्यंत मला ते ऐकू येत होतं.